ऑफिसचा डिजिटल फोन घरच्या लँडलाइनवर चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस नव्या जागेत जातं, जुनं ईपीएबीएक्स मशीन, म्हणजे ऑफिसमधले सगळे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा डबा, उतरवलं जातं आणि टेबलावरचे फोन लिलावात किंवा भंगारात निघतात. कुणी आठवण म्हणून स्वतःच्या टेबलावरचा फोन घरी आणतं, कुणी जुन्या बाजारातून दणकट दिसला म्हणून उचलतं. घरी तो लँडलाइनला लावला की काहीच होत नाही, आणि मग आमच्यासारख्या ईपीएबीएक्स बसवणाऱ्यांना फोन येतो. गेली वीसेक वर्षं मी हे काम करतो आहे. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

डिजिटल ऑफिस फोन घरच्या लाइनला थेट लावला तर चालतो का?

नाही. फोन कितीही चांगल्या अवस्थेत असला तरी चालत नाही. डिजिटल फोन हा अर्धा फोन असतो. त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरचं ईपीएबीएक्स मशीन, आणि ते तिथेच राहिलेलं असतं.

वायर त्याच दोन, जॅकही तोच बसतो. मग अडतं कुठे?

जॅक बसतो म्हणूनच सगळा घोटाळा होतो. आरजे-११ चा तो छोटा प्लास्टिकचा जॅक आणि मधल्या दोन पिना दोन्हीकडे सारख्याच असतात, पण त्या तारांवरून जे वाहतं ते पूर्ण वेगळं असतं.

आधी घरची तांब्याची लाइन पाहू. फोन ठेवलेला असताना एक्स्चेंजमधून या दोन तारांवर साधारण ४८ व्होल्ट डीसी येत असतो. रिसीव्हर उचलला की फोनच्या आत सर्किट पूर्ण होतं, करंट वाहू लागतो आणि व्होल्टेज आठ-दहापर्यंत खाली येतो. एक्स्चेंजला एवढंच कळतं की इथे कुणीतरी फोन उचलला, आणि ते डायल टोन देतं. तुम्ही ५ दाबलंत की फोन स्वतः ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजवतो, आणि एक्स्चेंज ते ओळखतं. बाहेरून कॉल आला की एक्स्चेंज त्याच तारांवर साधारण ७५ व्होल्टची एसी रिंग सोडतं आणि तुमची घंटी वाजते. आवाजसुद्धा करंटच्या चढउतारानेच जातो. यात कुठेही आकडे नाहीत, कुठेही प्रोग्राम नाही. म्हणूनच फार जुना फोनही आजच्या तांब्याच्या लाइनला जोडला तरी बहुधा बोलतो.

डिजिटल फोनचं गणितच निराळं. तुम्ही बोलता तो आवाज फोनमध्येच सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजणीचे ८ बिट होतात, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ६४,००० बिट. दोन तारांवरून जाणं आणि येणं दोन्ही साधायचं असतं म्हणून बऱ्याच मशीनमध्ये पाळी लावलेली असते. क्षणभर मशीन बोलतं आणि फोन ऐकतो, पुढच्या क्षणी फोन बोलतो आणि मशीन ऐकतं. हे इतकं भरभर चालतं की माणसाला पत्ता लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. डिजिटल फोनवर ५ दाबलंत तर तो कोणताही सूर लाइनवर पाठवत नाही. तो मशीनला निरोप देतो, ‘अमुक नंबरचं बटण दाबलं गेलं.’ काय करायचं ते मशीन ठरवतं. रिसीव्हर उचलला, हाही निरोपच. डायल टोन मशीन देतं. डिस्प्लेवरची तारीख मशीन पाठवतं. लाल दिवा कधी लावायचा, कधी लुकलुकवायचा, तेही मशीन सांगतं. रिंगसुद्धा ‘वाज’ असा हुकूम आल्यावर फोनच्या स्पीकरमधून निघते, ७५ व्होल्टवर वाजणारी घंटी त्यात नसतेच. घरच्या लाइनवर हे हुकूम देणारं कुणी नाही. फोन निरोप पाठवत राहतो आणि पलीकडून उत्तर येत नाही.

सगळ्या कंपन्यांचे डिजिटल फोन निदान एकमेकांच्या मशीनवर तरी चालतात का?

नाही, आणि इथे लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात. प्रत्येक कंपनीने आपापली भाषा बनवली आहे. अवायाची वेगळी, सीमेन्सची वेगळी, नॉर्टेलची वेगळी, पॅनासॉनिकची वेगळी, आपल्याकडच्या बडोद्याच्या मॅट्रिक्सची वेगळी. पॅनासॉनिकचा फोन मॅट्रिक्सच्या मशीनला लावला तर तो तितकाच मुका राहतो. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचंही कधी कधी जमत नाही. अपवाद आयएसडीएन फोनचा, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या खास डिजिटल लाइनसाठी बनवलेल्या फोनचा. त्याची पद्धत सर्वांसाठी एकच ठरवलेली होती. पण त्यालाही साधी लाइन चालत नाही, आयएसडीएन लाइनच लागते.

माझ्याकडचा फोन साधा आहे की डिजिटल, कसं ओळखू?

उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. मॉडेल नंबर सगळं सांगतो. आमच्याकडे जास्त येणारे काही सांगतो.

पॅनासॉनिकमध्ये केएक्स-टीएस ने सुरू होणारे, जसे घराघरांत दिसणारा केएक्स-टीएस५००, हे साधे फोन. ते घरच्या लाइनला बिनधास्त लावा. केएक्स-टी७६३० आणि त्याच्या घरातले, तसेच केएक्स-डीटी ने सुरू होणारे, हे डिजिटल. केएक्स-एनटी म्हणजे आयपी फोन, कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारे. आणि एक फसवं मॉडेल आहे, केएक्स-टी७७३०. हा डिजिटल नाही, तरीही घरच्या लाइनला नीट चालत नाही. तो चार तारांचा आहे. मधल्या दोन तारांवर आवाज आणि बाहेरच्या दोन तारांवर बटणांचे आणि डिस्प्लेचे निरोप. तोही पॅनासॉनिकच्या मशीनसाठीच बनवलेला.

अवायामध्ये ६४००, २४००, १४०० आणि ९४०० या मालिका डिजिटल, १६०० आणि ९६०० या आयपी. १४०८ आणि १६०८ शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात, म्हणून आकडा नीट वाचा. मॅट्रिक्सचे ईऑन नावाचे फोन डिजिटल आहेत. आमच्या धंद्यात त्यांना डीकेपी म्हणतात, म्हणजे डिजिटल की-फोन. साध्या फोनला आम्ही एसएलटी म्हणतो. जुना फोन विकत घेताना दुकानदाराला हे दोन शब्द विचारलेत तर तो सरळ उत्तर देईल.

लेबल फाटलं असेल तर फोनच्या बाजूला किंवा खाली टोन-पल्सचं बटण शोधा. ते असेल तर फोन बहुधा साधा. भोवती दिव्यांच्या बटणांच्या रांगा असतील, डिस्प्लेखाली नावं नसलेली बटणं असतील आणि टोन-पल्सचं बटण नसेल, तर तो मशीनचा फोन समजा.

मी चुकून लावून बसलो. काही बिघडेल का?

दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर काहीच होत नाही. दुसरी जास्त त्रासाची. फोनच्या आतला पॉवरचा भाग त्या दोन तारांवरून करंट ओढू लागतो आणि एक्स्चेंजला वाटतं की घरात कुणीतरी रिसीव्हर उचलून ठेवला आहे.

ठाण्यात एका निवृत्त हेडक्लार्क काकांकडे हे घडलेलं मी पाहिलं. ऑफिसच्या लिलावात त्यांनी स्वतःच्याच टेबलावरचा फोन विकत घेतला होता. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा होती. घरी आणून त्यांनी तो बेडरूमच्या रोझेटला, म्हणजे फोनलाइनच्या भिंतीवरच्या डबीला, लावला. चालला नाही तसा तो तिथेच शोभेला राहिला, पण वायर कुणी काढली नाही. हॉलमधल्या साध्या फोनवरही डायल टोन येईना. रत्नागिरीच्या बहिणीला तीन दिवस एंगेज्ड टोन येत होता आणि ती घाबरून शेजाऱ्यांना फोन करत होती. लाइनमनने येऊन डीपी, म्हणजे जिथून घरोघरी लाइन फुटतात ती पेटी, तपासली, खांबावरून येणारी पेअर, म्हणजे तारांची जोडी, तपासली, काही सापडेना. मी गेलो तेव्हा रोझेटवर मीटर धरला. ४८ च्या आसपास दिसायला हवं होतं, दिसत होते ९. बेडरूममधली वायर उपटली, थोड्या वेळाने मीटर ४९ वर गेला. त्याच क्षणी काकूंनी हॉलमधून हाक मारली, ‘अहो, आवाज आला!’

म्हणून पहिलं काम, वायर काढा. दुसरं, मधल्या काळात कॉल येऊन रिंग वाजली असेल तर ७५ व्होल्टचा तो एसी फोनच्या नाजूक सर्किटला सोसला नसण्याचीही शक्यता आहे. फोन मेला की नाही हे फक्त त्याच्या स्वतःच्या मशीनवर लावूनच कळतं. एक्स्चेंजच्या बाजूचं काही सहसा बिघडत नाही, तिथे करंटवर मर्यादा घातलेली असते.

लावल्यावर डिस्प्ले क्षणभर उजळला. म्हणजे चालू आहे ना?

नाही. लाइनमधल्या थोड्या करंटवर त्याने डोळे उघडले, पलीकडे मशीन सापडलं नाही, आणि करंटही पुरला नाही. काही फोन तसेच चालू-बंद, चालू-बंद होत राहतात. काढून ठेवा.

बाजारात एखादा छोटा कन्व्हर्टर मिळत असेल ना?

लोकांना हवा असतो तसा मुठीत मावणारा डबा, एका बाजूला घरची लाइन आणि दुसऱ्या बाजूला कोणताही डिजिटल फोन, असा माझ्या पाहण्यात नाही. कारणही उघड आहे. त्या डब्याला तुमच्या फोनच्या कंपनीची भाषा बोलावी लागेल, दिवे लावावे लागतील, बटणांचे अर्थ लावावे लागतील, फोनला पॉवर द्यावी लागेल. एवढं सगळं करणारी वस्तू म्हणजे ईपीएबीएक्सच झालं.

ऑनलाइन मिळणाऱ्या दोन वस्तूंपासून सांभाळा. एक, मोठा जॅक छोटा करून देणारी पिन. ती फक्त प्लास्टिकचा आकार बदलते, सिग्नल बदलत नाही. दुसरी, डिजिटल फोनला जोडायचे अ‍ॅडॉप्टर. ते खरे असतात, पण उलट्या कामाचे. ऑफिसच्या डिजिटल एक्स्टेंशनवर फॅक्स किंवा मोडेम चालवायला ते बनवलेले. घरच्या लाइनवर त्यांचा उपयोग नाही.

मग तोच फोन वापरायचा असेल तर काही उपाय आहे का?

आहे. फोनचा उरलेला अर्धा भाग घरी आणायचा, म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच पिढीचं छोटं ईपीएबीएक्स. घरची लाइन मशीनच्या बाहेरच्या लाइनच्या पोर्टला, म्हणजे सीओ किंवा ट्रंकला लागते, आणि डिजिटल फोन डिजिटल एक्स्टेंशनच्या पोर्टला. मशीन मधे दुभाषाचं काम करतं. तुम्ही बटण दाबता, फोन निरोप देतो, मशीन तो वाचून लाइनवर खरे सूर वाजवतं.

जुनी मशीन मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारलं तर पत्ता लागतो. ऑफिस रिकामी करणारे भंगारवालेही विकतात. घेण्याआधी एक सापळा समजून घ्या. पॅनासॉनिकचं केएक्स-टीईएस८२४ हे छोटं मशीन जुन्या मालात फार दिसतं. तीन बाहेरच्या लाइन, आठ एक्स्टेंशन, वाढवून आठ आणि चोवीस. मशीन चांगलं आहे, पण त्याला डिजिटल फोन चालत नाहीत. त्याला साधे फोन आणि ते चार तारांचे केएक्स-टी७७३० चालतात. म्हणजे केएक्स-टी७६३० घेऊन बसलेल्या माणसाने ८२४ आणलं तर त्याच्याकडे दोन निरुपयोगी वस्तू होतात. त्याला केएक्स-टीडीए ३० किंवा १०० सारखं मशीन हवं, तेही आत डिजिटल किंवा हायब्रिड एक्स्टेंशनचं कार्ड असलेलं. कव्हर उघडून कार्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड काढून घेऊन रिकाम्या स्लॉटची विकलेली मशीन मी बरीच पाहिली आहेत.

आणखी तीन गोष्टी तिथल्या तिथे तपासा. मशीनचा मूळ पॉवर सप्लाय सोबत आहे का. प्रोग्रामिंगचा पासवर्ड माहीत आहे का, किंवा दुकानदार मशीन फॅक्टरी सेटिंगला नेऊन देतो का. आणि सर्वात महत्त्वाचं, तुमचा स्वतःचा फोन सोबत न्या आणि त्याच मशीनला लावून दाखवा म्हणा. डिस्प्लेवर तारीख आली, स्पीकरचं बटण दाबल्यावर टोन आला, की व्यवहार करा.

घरी जोडणी सोपी आहे. रोझेटमधून येणारी पेअर सीओ १ वर, फोनची पेअर पहिल्या डिजिटल पोर्टवर. प्रोग्रामिंगमध्ये पाहायचं ते इतकंच की लाइन टोनवर सेट आहे आणि येणारा कॉल तुमच्याच एक्स्टेंशनवर वाजतो आहे. नको असलेल्या पोर्टला हात लावू नका.

मशीनवरून मोबाइल नंबर लागत नाही. काय चुकतं?

शून्य. बहुतेक मशीनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ० किंवा ९ दाबावं लागतं. आणि जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना नंबराआधी ० लावावाच लागतो. म्हणजे तुमचं मशीन शून्यावर लाइन देत असेल तर दोन शून्यं झाली, एक मशीनसाठी आणि एक एक्स्चेंजसाठी. लोक एकच दाबतात आणि मशीन बिघडलं म्हणतात. लाइनचं वेगळं दिव्याचं बटण दाबून लाइन घेतलीत तर पहिल्या शून्याची गरज नाही, तेव्हा एकच ० आणि मग दहा आकडे.

कॉल करणाऱ्याचा नंबर दिसेल का?

मशीनमध्ये कॉलर आयडीची सोय असेल तर दिसेल. काही मशीनमध्ये त्याचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. आपल्याकडे नंबर पाठवायच्या दोन पद्धती चालत आल्या आहेत, एफएसके (मोडेमसारखे सिग्नल) आणि डीटीएमएफ (बटणांचे तेच दुहेरी सूर). मशीनचं सेटिंग एकावर आणि लाइन दुसऱ्या पद्धतीची असेल तर डिस्प्ले कोरा राहतो. सेटिंग बदलून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

वीज गेल्यावर काय होतं?

इथे साधा फोन खरोखर श्रेष्ठ आहे. त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीवरून वीज मिळते, म्हणून घरात अंधार झाला तरी तो चालतो. डिजिटल फोनला मशीनकडून वीज मिळते आणि मशीनला घरच्या सॉकेटमधून. लाइट गेली की दोघंही गप्प.

बऱ्याच मशीनमध्ये यावर एक सोय असते. वीज गेली की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पडतो आणि बाहेरची लाइन ठरलेल्या एका एक्स्टेंशनला सरळ जोडली जाते. रिलेचा तो ‘टक’ आवाज भिंतीजवळ उभं राहिलं की ऐकू येतो. त्या एक्स्टेंशनवर मात्र साधा फोन लावलेला हवा. घरात वयस्कर माणसं असतील तर ही जोडणी केल्याशिवाय मी काम पुरं झालं म्हणत नाही. नुसता इन्व्हर्टर आहे म्हणून सोडून देऊ नका, रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करायची वेळ आली की इन्व्हर्टरची बॅटरी संपलेली असू शकते.

मशीनच्या आधी एक साधा फोन त्याच लाइनला समांतर ठेवला तर?

चालेल, पण मशीनला तो फोन दिसत नाही. साध्या फोनवर कुणी बोलत असताना डिजिटल फोनवर लाइनचं बटण दाबलं तर त्या संभाषणात तुमचा आवाज घुसेल. एका घरात सासूबाईंचा फोन चालू असताना सुनेने बटण दाबलं आणि दोघींचा उगाच गैरसमज झाला. दिवा लागलेला नव्हता, तिची काहीच चूक नव्हती. दुसरा फोन हवा असेल तर तोही मशीनच्याच एक्स्टेंशनवर घ्या.

त्याच लाइनवर ब्रॉडबँड आहे, किंवा लाइन आता फायबरवर गेली आहे. काय फरक पडतो?

तांब्यावरचं जुनं ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या डबीच्या, ‘फोन’ लिहिलेल्या बाजूने मशीनला लाइन द्या. डिजिटल फोन थेट त्या तारांना लावला तर त्याचे सिग्नल आणि ब्रॉडबँडचे सिग्नल एकमेकांवर आदळू शकतात आणि नेट तुटतं.

फायबरचं वेगळं. आता पुष्कळ घरांत तांब्याची पेअर खांबापर्यंतही उरलेली नाही. फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, फोनचा एक छोटा पोर्ट असतो. आत सगळं डिजिटल असलं तरी तो पोर्ट बाहेर साध्या लाइनसारखाच वागतो, डायल टोन देतो, रिंग देतो. फायबर डिजिटल आहे म्हणून डिजिटल फोन चालेल असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. त्या पोर्टला साधा फोन किंवा ईपीएबीएक्सची ट्रंक लावायची. आणि तो डबा विजेवर चालतो, म्हणून वर सांगितलेली रिलेची सोय इथे अपुरी पडते. मशीनबरोबर ओएनटीलाही बॅटरी बॅकअप द्यावा लागेल.

माझा फोन आयपी फोन निघाला. तो तरी घरी चालेल?

फोनला मोठा, आठ पिनांचा, नेटवर्कचा जॅक असेल आणि तो एसआयपी बोलत असेल तर तुमचं नशीब चांगलं. एसआयपी ही नेटवर्कवरून कॉल लावायची, सर्वांना मोकळी असलेली भाषा आहे. एफएक्सओ पोर्ट, म्हणजे बाहेरची फोनलाइन घेणारा पोर्ट, असलेला छोटा गेटवे मिळतो, ग्रँडस्ट्रीमचा एचटी८१३ त्यातलाच. त्याच्या एफएक्सओ पोर्टला घरची लाइन, नेटवर्कच्या पोर्टला राउटर, आणि फोनही राउटरला. हौशी लोक रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टेरिस्क हे फुकट ईपीएबीएक्स सॉफ्टवेअर टाकून हेच काम करतात, आणि कॉलेजच्या मुलांना मी हे करून बघा म्हणून आवर्जून सांगतो, टेलिफोनी समजायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. फक्त खात्री करा की फोन एका कंपनीच्या मशीनलाच बांधलेला नाही. केएक्स-एनटी मालिका तशी बांधलेली आहे, केएक्स-एचडीव्ही एसआयपीची आहे.

उलट चालेल का? घरचा फोन किंवा फॅक्स ऑफिसच्या जॅकला?

डिजिटल पोर्टला लावू नका. साधा फोन चालणार नाहीच, आणि जुन्या लॅपटॉपचे मोडेम अशा पोर्टला लावून जळल्याची उदाहरणं आहेत. दुकानांत फोनलाइनवर चालणारी जुनी कार्ड स्वाइप मशीन होती, तीही अशीच चुकीच्या जॅकला लागायची आणि दिवसभर ‘लाइन नाही’ दाखवायची. ऑफिसच्या तंत्रज्ञाला सांगा, ‘मला एसएलटी पोर्ट द्या.’ तो क्रोनवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या पट्टीवर, एक जोडतार बदलेल, पाच मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात मशीनला धोका असतो का?

असतो, आणि कोकणात तर फारच. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा उघड्यावरून आलेल्या तांब्याच्या पेअरमधून झटका आत येतो आणि मशीनचं ट्रंक कार्ड जातं. साध्या फोनचं नुकसान झालं तर नवा स्वस्तात मिळतो, जुन्या मशीनचं कार्ड मात्र महिनोन्‌महिने सापडत नाही. लाइन आत येते तिथे जीडी ट्यूबचं (विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या नळीचं) प्रोटेक्शन आणि नीट अर्थिंग घ्या. तरीही आभाळ भरून आलं की जॅक काढून ठेवणं उत्तम.

घरी असं मशीन बसवणं कायद्यात बसतं का?

स्वतःची लाइन, स्वतःचं घर, स्वतःची एक्स्टेंशन, यात अडचण नाही. प्लॅन १०३ सारखी साहेब-सेक्रेटरीची जोडणी टेलिफोन खातं स्वतःच देत असे. पण इंटरनेटवरून येणारे दुसऱ्यांचे, विशेषतः परदेशातले कॉल आपल्या लाइनवर उतरवून देणं हा गुन्हा आहे. ‘महिन्याला इतके देतो, फक्त हा डबा तुमच्या लाइनला लावू द्या’ असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा.

एवढं सगळं करणं खरंच योग्य आहे का?

नुसता चांगला आवाज आणि मोठी बटणं हवी असतील तर नाही. बीटेलचा किंवा पॅनासॉनिकचा साधा, स्पीकरवाला फोन घ्या. तो दोन मिनिटांत चालू होतो, वीज गेली तरी तांब्याच्या लाइनवर चालत राहतो आणि सांभाळायला काही लागत नाही. दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगतो आणि मशीन विकण्याचा मोह टाळतो.

घर दुमजली असेल, वर म्हातारे आईवडील, खाली क्लिनिक किंवा वकिलीचं ऑफिस असेल, तर मात्र मशीन खरोखर उपयोगी पडतं. इंटरकॉम मिळतो, कॉल वर पाठवता येतो, कोण बोलतंय ते दिव्यावर दिसतं. तिथे जुना डिजिटल फोन अगदी शोभतो.

आणि काही वेळा हिशोबापलीकडचं कारण असतं. ठाण्याच्या त्या काकांनी शेवटी मशीन शोधून आणलंच. जोडणी झाल्यावर ते खुर्ची ओढून ताठ बसले, स्पीकरचं बटण दाबलं, टोन आला. त्यांनी रत्नागिरीचा नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर सवयीने आधी ऑफिसच्या सेक्शनचं नाव सांगितलं, मग म्हणाले, ‘अगं, मी बोलतोय.’